कोणीही हात लावू नये

तिचं खरं नाव बँकेच्या पासबुकात असेल कुठेतरी, पण गल्लीत सगळे तिला थांबाताई म्हणतात. कारण सरळ आहे. बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन माणूस दुकानात शिरला, पिशवीतून यंत्र काढलं आणि घाईघाईने काहीतरी दाबून दाखवायला गेला, की ती म्हणणार, "थांबा." मग ती चष्मा पुसणार, हात मागे बांधणार आणि म्हणणार, "आता घरी जसं करता तसं करून दाखवा. मी नुसती बघते." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर असा काही विश्वास असतो, की अर्ध्या लोकांचा कॉम्प्युटर तिथेच लाजून नीट चालायला लागतो.

ही खोड तिला वडिलांकडून मिळाली. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. शिंपी तक्रार घेऊन आला की ते मशीन उघडायचे नाहीत. आधी त्यालाच चार टाके घालायला लावायचे आणि त्याचे पाय बघत बसायचे. निम्मा दोष मशीनमध्ये नसून पायात असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. लेकीने शिलाई मशीन सोडून कॉम्प्युटर धरला, पण बघत बसायची सवय मात्र सोडली नाही.

दुकान तिचं आणि तिच्या दिराचं मिळून. पुढच्या भागात दीर मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि काचा विकतो. मागे पडद्याआड हिचं टेबल. दिराच्या मते जगातल्या प्रत्येक बिघाडावर एकच औषध आहे, ते म्हणजे फॉरमॅट. सगळं पुसून टाका, नवीन घाला, गिऱ्हाईक खूश, आपण मोकळे. थांबाताईच्या मते हे म्हणजे पायात काटा रुतला म्हणून पाय कापण्यासारखं आहे. यावरून दोघांची रोज जुंपते. वहिनींना वेळेची किंमत नाही असं तो म्हणतो, भाऊजींना दुसऱ्याच्या वस्तूची किंमत नाही असं ती म्हणते, आणि मग दोघं मिळून चहा पितात.

तर अशा या दुकानात एका दुपारी एक म्हातारं जोडपं आलं. काकांच्या गळ्याभोवती मफलर, काकूंच्या छातीशी धरलेला जाडजूड लॅपटॉप. लॅपटॉप इतका जुना, की बॅटरीने केव्हाच राम म्हटला होता. वायर लावल्याशिवाय तो डोळासुद्धा उघडायचा नाही. काका काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. बोलल्या त्या काकू.

काका बस स्टँडवर निवेदक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा येणार, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. आवाज असा भरीव, की गाडी चुकलेला माणूससुद्धा चिडायचं विसरून ऐकत राहायचा. आणि त्या नोकरीमुळे एक गोष्ट अंगात मुरली होती: काका कधी अर्धवट वाक्य बोलायचे नाहीत. मीठ मागायचं झालं तरी कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. काकू म्हणाल्या, लग्न झालं तेव्हा मला वाटलं हे माझी थट्टा करतायत.

आता त्याच गळ्यात गाठ निघाली होती. परवा सकाळी ऑपरेशन, स्वरयंत्रच काढायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं तेव्हा काका तिसऱ्याच दिवशी कामाला लागले. पुढे लागतील ती सगळी वाक्यं त्यांनी स्वतःच्या आवाजात या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवली. म्हणजे नंतर बोलायचं झालं की फाइल शोधायची, क्लिक करायचं आणि आपल्याच आवाजात बोलायचं. आणि शोधायला सोपं जावं म्हणून प्रत्येक फाइलला नाव काय दिलं, तर ते अख्खं वाक्य. 'अगं चहा झाला का की अजून उकळतोच आहे.' 'माझा चष्मा मी जिथे ठेवला होता तिथे तो आता नाही.' फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं.

"आणि आता ते फोल्डर उघडतच नाही हो," काकू म्हणाल्या. "आत गेलं की सगळं धाडकन बंद होतं."

परत रेकॉर्ड करायला काय हरकत आहे, असं दिराने पुढून विचारलं. त्यावर काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि "नाही जमत" एवढंच म्हणाले. कोरड्या पानांवरून कोणी चाललं की आवाज येतो, तसे त्यांचे शब्द आले. गेल्या काही आठवड्यांत आवाज पार बसला होता. जे काही चांगलं उरलं होतं ते त्या फोल्डरमध्ये होतं आणि फोल्डर दार उघडायला तयार नव्हतं. दीर परत कव्हरं लावायला लागला.

थांबाताईचं काळीज हललं. आणि इथेच तिचं चुकलं. तिने काकांना खुर्चीत बसवलं, काकूंना स्टुलावर, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाली, तुम्ही अजिबात त्रास घेऊ नका, मी बघते. म्हणजे आयुष्यभर जी घाई दुसऱ्यांना करू दिली नाही, ती स्वतः केली. कोणाला काही करून दाखवायला न लावता माउस हातात घेतला.

सुरुवात तिने झोकात केली. बाकीची फोल्डरं उघडून पाहिली, ती ठणठणीत. फोटो उघडले, विजेची बिलं उघडली, नातवंडांची गाणी उघडली. मग ते फोल्डर. दोनदा टिचकी मारली, खिडकी उघडली, आतली छोटी फोल्डरं दिसली. त्यातलं 'फोनवर' नावाचं उघडलं, तर आतली 'हो', 'नाही', 'राँग नंबर' अशी, फोनवरच्या घाईपुढे काकांनी नाइलाजाने तोडलेली छोटी वाक्यं सरळ दिसली. 'बायकोशी बोलायची वाक्यं' उघडायला गेली आणि सगळं मिटलं. फाइल मॅनेजरने काम करणं थांबवलं आहे, असा निरोप तेवढा पडद्यावर राहिला.

"एखादी फाइल नासली असणार," ती म्हणाली. "एकच नासकी असेल. ती काढली की झालं." बोलण्यात शंकेला जागाच नव्हती. काकूंचा जीव भांड्यात पडला. तुम्ही म्हणाल, मग सुटला का प्रश्न. कसला सुटतोय. फाइलींची चित्रं दाखवणं बंद करून झालं, नावांची नुसती यादी लावून झाली, मध्ये लुडबुड करणारे फुकटे प्रोग्रॅम काढून झाले. डिस्क तपासली, तीही धडधाकट. प्रत्येक वेळी ती आता बघा असं म्हणायची आणि प्रत्येक वेळी खिडकी तिच्या तोंडावर बंद व्हायची. अख्खं फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर घ्यायला गेली, तर छोटी वाक्यं आली आणि मोठी सगळी मागे राहिली. घरी दुसरी कॉपी आहे का, असं तिने विचारलं. आहे की, काकू अभिमानाने म्हणाल्या, यांनी कॉपी काढून ठेवलीये. कुठे, तर त्याच फोल्डरच्या आत.

थांबाताईने चष्मा काढला. दुपार कलली होती, पुढे दिराकडे गिऱ्हाइकांची ये-जा सुरू झाली होती आणि काका खुर्चीत ताठ बसून, स्टँडवर लोक गाडीची वाट बघतात तसे पडद्याकडे बघत होते. पडद्याच्या फटीतून दिराने डोकं आत घातलं. आता हा फॉरमॅट म्हणणार, असं तिला वाटलं. पण तो भलतंच बोलला.

"वहिनी, तुम्ही स्वतःच का करताय सगळं? आज यांना करून दाखवायला नाही लावलंत?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. दिराचं म्हणणं बरोबर निघणं ही तिच्यासाठी फार अवघड गोष्ट होती, पण ती लगेच उठली. खुर्ची मोकळी करून काकांना म्हणाली, या, घरी जसं उघडता तसं उघडून दाखवा. काकांनी मान हलवून काकूंकडे बोट केलं. रेकॉर्ड करताना माउस काकूच धरायच्या. काका समोर माइकपुढे उभे राहायचे. बसून त्यांना नीट बोलताच यायचं नाही, स्टँडवरची सवय.

काकू खुर्चीच्या टोकावर बसल्या. थांबाताईने हात मागे बांधले. काकूंनी बाण हळूहळू त्या फोल्डरवर नेला, नेम धरला आणि एकदा क्लिक केलं. मग बोट उचललं, श्वास घेतला, नीट लागलं का ते पाहिलं आणि दुसऱ्यांदा क्लिक केलं.

फोल्डर उघडलं नाही. घरीही चार-पाच प्रयत्नांत एखादाच लागायचा. इतक्या सावकाश दोन टिचक्या मारल्या की यंत्राला वाटतं, बाईंना नाव बदलायचं आहे. फोल्डरखालचं नाव निळं झालं आणि मोकळं झालं. एरवी त्या नावाचे पहिले दोन शब्दच दिसायचे आणि पुढे टिंबं. त्या टिंबांकडे थांबाताईने दुपारभर पाहिलं होतं, पण वाचली नव्हती. आता त्या टिंबांतून ओळीमागून ओळ बाहेर आली: 'आमच्या घरातला आवाज जो ऑपरेशननंतरही आमच्या घरातच राहणार आहे तरी कृपया घरातल्या किंवा बाहेरच्या कोणीही जागा रिकामी करण्यासाठी वगैरे याला हात लावू नये.'

"थांबा," थांबाताई म्हणाली. "हे नाव कोणी ठेवलं?"

काकांनीही वाकून वाचलं. त्यांनाही ते नवीन होतं. मग दोघांनी काकूंकडे बघितलं.

काकूंनीच ठेवलं होतं. मुलगा दर भेटीत लॅपटॉप साफ करायचा, हे कशाला ते कशाला म्हणून भराभर पुसून टाकायचा. एकदा काका झोपले असताना काकूंनी फोल्डर उघडायला म्हणून अशाच सावकाश टिचक्या मारल्या, नाव निळं झालं, आणि त्यांना वाटलं, बरं झालं, इथेच सूचना लिहून ठेवावी. काकांच्या संगतीत त्यांनाही पूर्ण वाक्यं लिहायची सवय लागली होती. यंत्राने मुकाट्याने नाव घेतलं, कुरकुर केली नाही, म्हणून त्या निर्धास्त होत्या.

थांबाताई एकदम खुलली. आता तिला सगळं लख्ख दिसत होतं. तिने काकूंना समजावलं, की प्रत्येक फाइलला एक पत्ता असतो: आधी बाहेरच्या फोल्डरचं नाव, मग आतल्याचं, मग फाइलचं, असं एकाला एक जोडून. आणि या जुन्या यंत्राला ठरावीक लांबीपुढचा पत्ता वाचताच येत नाही. त्यात आपली अक्षरं, काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी मोजतं ते. काकांची वाक्यं मुळातच ऐसपैस, त्यात तुमची सूचना बाहेरून जोडली गेली. पत्ता वाचता वाचता बिचारं धापा टाकतं आणि कोसळतं. आतल्या वाक्यांना धक्काही लागलेला नाही.

खरं सांगायचं तर ही बातमी आनंदाची होती. पण काकूंनी त्यातलं एकच ऐकलं.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "कोणी हात लावू नये म्हणून लिहिलं आणि मीच वाट लावली."

काकांनी हात हलवून नाही नाही केलं, पण काकूंनी तिकडे पाहिलं नाही. नाव अजून निळंच होतं, वाट बघत. थांबाताई त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, आता तुम्हीच लिहा, नुसतं 'आवाज' लिहा आणि एंटर दाबा. काकूंनी एकेक अक्षर शोधून लिहिलं. मग थांबाताईने त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दोघींनी मिळून चटचट दोन टिचक्या मारल्या. खिडकी उघडली. 'बायकोशी बोलायची वाक्यं' उघडलं. एकाखाली एक अशी लांबलचक वाक्यं पडदाभर पसरली आणि खिडकी जागची हलली नाही.

एक तरी लावून बघायलाच हवं होतं. थांबाताईने समोर आलं ते लावलं. "अगं, चहा झाला का, की अजून उकळतोच आहे?" असा भरदार आवाज पडद्यापलीकडे गेला आणि दिराच्या काउंटरवरची माणसं मागे वळून बघायला लागली. दिराने तेवढ्यात आलोच म्हणून खरोखर चहा सांगून टाकला. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. स्वतःचा आवाज परका होऊन समोरून ऐकताना माणसाचं काय होत असेल कुणास ठाऊक. त्यांनी मफलर नीट केला आणि डोळे पुसले, त्यात काही लपवलं नाही.

थांबाताईने सगळं दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतलं. एक काकूंच्या पर्समध्ये ठेवायचा, एक कपाटात, आणि लॅपटॉपच्या आत कॉपी ठेवून ती कॉपी म्हणायची नाही, हे दोघांकडून तोंडपाठ करून घेतलं. काकांना बजावलं, की यापुढे फाइलला वाक्याची सुरुवात तेवढी नाव म्हणून द्या, पोटात कितीही लांब बोला. काका हसले. काकू नाही हसल्या. त्या पर्सची चेन लावत, उघडत, परत लावत होत्या.

सगळं आवरल्यावर काकांनी थांबाताईला खुणेने थांबवलं आणि माइकचा हावभाव केला. एक राहिलंय, असा ओठांचा आकार केला. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय, असं काकू म्हणाल्या, त्यांनी ऐकलं नाही. थांबाताईने माइक जोडून दिला, पंखा बंद केला आणि दिरालासुद्धा बाहेर काढलं. तिघं फुटपाथवर चहाचे कप घेऊन उभे राहिले. काचेतून, अर्धवट सरकलेल्या पडद्याच्या फटीतून काका दिसत होते, उभे, छाती काढून. त्यांचे ओठ हलले, मध्ये खोकला आला, परत पहिल्यापासून हलले. नंतर त्यांनी स्वतः दोन बोटांनी फाइलचं नाव लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

ऑपरेशन नीट झालं. ही बातमी दिराला चार्जर घ्यायला आलेल्या कोणीतरी सांगितली आणि त्याने ती वहिनींना अशा थाटात दिली, की जणू ऑपरेशन त्यानेच केलं. काही आठवड्यांनी काकू आणि काका स्वतः आले. काकांच्या गळ्याला पातळ पट्टी होती, अंगाने थोडे उतरले होते, पण मान ताठ. लॅपटॉप या वेळी त्यांच्याच हातात होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, वायर लावली, आणि तो जागा होईपर्यंत सगळे पडद्याभोवती जमले. मग त्यांनी शोधून एक वाक्य लावलं: "नमस्कार, आपण सगळे बरे आहात ना?" दिराने बाहेरूनच बरे आहोत म्हणून उत्तर दिलं.

बोलता बोलता काकूंची गाडी तिथेच आली. दिराच्या काउंटरवर एक ओळखीची बाई होती, तिला त्या सांगायला लागल्या, की काय सांगू, या लॅपटॉपचं सगळं मीच बिघडवलं होतं, नको ते नाव देऊन बसले, या ताई होत्या म्हणून, नाहीतर माझ्यापायी यांना मुकं राहायची वेळ आली होती. थांबाताई म्हणाली, अहो काकू, झालं गेलं. पण ते शब्द त्यांनी पुष्कळांना सांगितलेले दिसत होते. वाक्यं पाठ झाल्यासारखी येत होती. काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि 'गरज पडली तर' असं नाव दिलेलं फोल्डर उघडलं. आत एकच फाइल होती.

हा आवाज बाकीच्यांसारखा भरदार नव्हता. फुटका, खरखरीत, श्वासाला अडखळणारा. त्या संध्याकाळचा, शेवटचा.

"तुझ्यामुळे काहीही बिघडलं नाही. आवाज माझा होता, पण तो कोणी पुसू नये म्हणून जपायचं तुलाच सुचलं. मला नंतर हे बोलता येणार नाही आणि तू स्वतःला दोष देत बसशील, हे मला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पुन्हा कोणाला तसं सांगितलंस, तर मी हे पुन्हा लावीन."

काकू टेबलाशी आल्या. काकांनी खुर्ची दिली. काकूंनी माउस हातात घेतला, बाण त्या फाइलवर नेला, एकदा क्लिक केलं, श्वास घेतला आणि मग दुसऱ्यांदा केलं. फाइल वाजली नाही. नाव निळं झालं आणि मोकळं झालं: 'तुझ्यामुळे काहीही बिघडलं नाही.' काकूंचं बोट कीबोर्डवर टेकलेलं होतं आणि डोळे इतके भरले होते, की पुढे काय दाबलं जाईल याचा नेम नव्हता.

"थांबा," थांबाताई हळूच म्हणाली. "याला हात लावू नका." तिने मागून हात घालून ते निळं नाव न बदलता होतं तसंच राहू दिलं, आणि काकूंसाठी ती फाइल पुन्हा लावली.